‘पुणे’चं ‘पण’ कसं होतं? मराठी साइट, शोधयंत्रं आणि वाचकांचे प्रश्न

या अंकासाठी आलेल्या पत्रांत वेब डेव्हलपर मंडळींची पत्रं सर्वांत जास्त आहेत. बहुतेकांची तक्रार एकच आहे: मजकूर चांगला आहे, पण गूगलवर साइट सापडत नाही. पत्रांसोबत आलेला कोड आणि सर्च कन्सोलची (साइट गूगलला कशी दिसते ते दाखवणारं गूगलचं साधन) चित्रं पाहिल्यावर लक्षात येतं की दोष मजकुरात नाही. तो मजकूर यंत्रापर्यंत पोहोचण्याच्या वाटेत आहे, आणि पुष्कळदा ती वाट इंग्रजी गृहीत धरून बांधलेली आहे. एसईओच्या (साइट शोधयंत्रांत वर आणण्याच्या तंत्राच्या) तयार याद्यांमध्ये मराठीच्या या अडचणी सापडत नाहीत, म्हणून त्यांना जास्त जागा दिली आहे.

प्रश्न: किल्ल्यांची माहिती देणारी साइट आम्ही पायथॉन आणि जँगोमध्ये केली आहे. लेखाच्या शीर्षकावरून पत्ता आपोआप तयार होतो. पण ‘पुणे’चं ‘पण’ झालं आहे आणि ‘किल्ला’चं ‘कलल’. मराठी पत्ते दुरुस्त करावेत की सगळे रोमन लिपीत न्यावेत?
– वेब डेव्हलपर, सातारा

उत्तर: तुमच्या पत्त्यांतून काना, मात्रा, वेलांटी, उकार आणि हलन्त गळाले आहेत. युनिकोडमध्ये ‘प’ किंवा ‘ण’ ही अक्षरं ‘लेटर’ या वर्गात येतात, पण ‘ु’ आणि ‘े’ ही चिन्हं ‘मार्क’ या वेगळ्या वर्गात. पायथॉनच्या नेहमीच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधलं (म्हणजे मजकुरातले नमुने शोधणाऱ्या सूत्रातलं) ‘बॅकस्लॅश डब्ल्यू’ फक्त अक्षरं, आकडे आणि अधोरेषा ओळखतं. मार्क वर्गातलं काहीही त्याच्या लेखी कचरा असतं. जँगोच्या ‘स्लगिफाय’मध्ये (शीर्षकावरून स्लग, म्हणजे पत्त्यातला लेखाच्या नावाचा तुकडा, करणाऱ्या फंक्शनमध्ये) ‘अलाऊ युनिकोड’ चालू केलं तरी आत हेच एक्स्प्रेशन चालतं, म्हणून अक्षरं वाचतात आणि मात्रा जातात. जावास्क्रिप्टमध्ये तर हे चिन्ह फक्त रोमन अक्षरांपुरतं आहे, तिथे अख्खा शब्दच नाहीसा होतो.

स्लगचं फंक्शन स्वतः लिहा. जावास्क्रिप्टमध्ये ‘यू’ फ्लॅग लावून ‘पी-एल’, ‘पी-एम’ आणि ‘पी-एन’ (अक्षर, मार्क, आकडा) हे तिन्ही वर्ग चालू द्या. पायथॉनचं अंगभूत मोड्यूल हे वर्ग ओळखत नाही. तिथे ‘रेजेक्स’ नावाचं वेगळं पॅकेज घ्या, किंवा ०९०० ते ०९७एफ हा देवनागरीचा पट्टा सरळ लिहा. त्यातून ०९६४ आणि ०९६५ हे दोन दंड मात्र वगळा. मग हे फंक्शन निदान या शब्दांवर चालवून पाहा: पुणे, किल्ला, श्रीवर्धन, ज्ञानेश्वरी, दुसऱ्या, ॲप, कोल्हापूर. एकाही शब्दाची मोडतोड होता कामा नये.

आता लिपीचा प्रश्न. देवनागरी पत्ते गूगलला चालतात, त्यामुळे साइट मागे पडत नाही. अडचण होते ती लांबीची. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हासकट तीन खुणांनी लिहिला जातो. म्हणजे एकट्या ‘म’चं ‘%ई०%ए४%एई’ होतं, एका चिन्हाला नऊ खुणा. ‘रायगड-किल्ला’ यात देवनागरीची अकरा चिन्हं आणि एक आडवी रेघ आहे, तर पत्ता शंभर खुणांचा झाला. बहुतेक ब्राउझर पत्ता कॉपी करताना हेच लांबलचक रूप देतात, आणि व्हॉट्सॲपवर आलेली तसली लिंक पाहून माणूस बिचकतो.

वर्डप्रेस वापरणाऱ्यांनीही इथे लक्ष द्यावं, कारण तिथे मात्रा टिकतात पण स्लगला २०० खुणांची मर्यादा आहे. नवाने भागलं तर जेमतेम बावीस चिन्हं मावतात. ‘छत्रपती-शिवाजी-महाराज-टर्मिनस’ हे नाव २३७ खुणांचं होतं, त्यामुळे शेवटचा शब्द ‘टर’वरच तुटतो. याच सुरुवातीचा दुसरा लेख आला की तोच तुटका स्लग शेवटी ‘-२’ लागून येतो, आणि पत्त्यावरून कुठला लेख कुठला ते कळत नाही.

आमचं मत असं: पत्ता देवनागरीत ठेवायचा तर दोन-तीन शब्दांचा ठेवा आणि तो शीर्षकावरून आपोआप येऊ देऊ नका, लेख भरताना हाताने लिहा. रोमन लिपीत न्यायचा तर लिप्यंतराचा एकच नियम ठरवा. एकाने ‘वाडा’साठी एक स्पेलिंग आणि दुसऱ्याने दुसरं वापरलं की सहा महिन्यांनी कुणालाच पत्ता आठवत नाही. दोन्ही मार्ग ठीक आहेत, मात्र चालू साइटचे नीट असलेले पत्ते केवळ लिपी बदलायची म्हणून हलवू नका. तुमचे मोडलेले पत्ते बदलावेच लागतील. जुन्या-नव्याची जोडयादी करा, प्रत्येक जुन्या पत्त्यावरून ३०१ रीडायरेक्ट (पत्ता कायमचा बदलल्याचं सांगून पुढे पाठवणं) थेट नव्या पत्त्यावर द्या (मध्ये तिसरा थांबा नको), साइटमधल्या लिंक आणि साइटमॅप (शोधयंत्रांसाठीची पत्त्यांची यादी) नव्या पत्त्यांवर न्या, आणि हे रीडायरेक्ट किमान वर्षभर काढू नका. शक्य असेल तर कधीच काढू नका. छापील पुस्तकांत आणि लोकांच्या जुन्या संदेशांत गेलेल्या लिंक दुरुस्त करता येत नाहीत.

प्रश्न: आमच्या साइटवर ‘ॲप’ या टॅगची दोन पानं आहेत, ‘दुसऱ्या महायुद्धा’चीही दोन. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात. डेटाबेसमध्ये ‘युनिक’ची अट असूनही असं कसं झालं?
– बातम्यांच्या साइटचे तंत्र-संपादक, नागपूर

उत्तर: दिसायला सारखं, पण आत वेगळं. ‘ॲ’ लिहिण्याचे दोन मार्ग आहेत: ०९७२ हे एकच चिन्ह, किंवा ‘अ’ (०९०५) आणि त्यावर चंद्र (०९४५). पडद्यावर फरक दिसत नाही, डेटाबेसला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. ‘दुसऱ्या’मधल्या अर्ध्या ‘र’चंही तसंच. काही कीबोर्ड ‘ऱ’ (०९३१) आणि हलन्त देतात, काही साधा ‘र’, हलन्त आणि त्यामागे न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर (२००डी) देतात. एकाच कार्यालयात तीन जण तीन कीबोर्डवर टंकन करत असतील, तर अशा जोड्या रोज तयार होतात.

यावर नेहमीचा सल्ला एनएफसी नॉर्मलायझेशनचा, म्हणजे एकच अक्षर लिहिण्याच्या समतुल्य रीती एका रूपात आणण्याचा. तो आवश्यक आहे, पण पुरेसा नाही. ‘र’ आणि नुक्ता वेगवेगळे आले असतील तर एनएफसी त्यांचा ‘ऱ’ करतं. वरच्या दोन जोड्यांना मात्र ते हात लावत नाही, कारण युनिकोडच्या लेखी त्या समतुल्य नाहीत. म्हणून आधी एनएफसी करा. मग ‘र + हलन्त + जॉइनर’ सापडेल तिथे ‘ऱ + हलन्त’ घाला आणि ‘अ + चंद्र’च्या जागी ‘ॲ’. त्यानंतरच टॅग आणि स्लगमधले उरलेले जॉइनर आणि नॉन-जॉइनर (२००सी) काढा. हा क्रम उलटला तर घात होतो: जॉइनर आधी काढला की ‘दुसऱ्या’मधल्या ‘र’चा रफार होतो आणि हातात ‘दुसर्या’ येतं.

हे फंक्शन मजकूर साठवताना चालवा, आणि साइटच्या आतल्या शोधपेटीत वाचक टाइप करतो त्या शब्दावरही. फक्त एका बाजूला चालवलं तर उपयोग नाही. जुन्या नोंदींसाठी एकदाच चालणारी स्क्रिप्ट लिहा, जुळे टॅग एकत्र करा आणि रद्द झालेल्या टॅगच्या पानावरून टिकलेल्या टॅगकडे ३०१ द्या. इथे कॅनॉनिकल टॅगवर (सारख्या पानांपैकी मुख्य पत्ता कोणता ते सांगणारा टॅग) भागवू नका. कॅनॉनिकल ही गूगलसाठी सूचना असते, आज्ञा नव्हे. शिवाय त्याने वाचकासमोरची दोन पानं दोनच राहतात.

प्रश्न: नव्या साइटची चाचणी-प्रत आम्ही सबडोमेनवर ठेवली होती. ती गूगलमध्ये दिसू लागल्यावर रोबोट्स डॉट टीएक्सटीमध्ये सगळं ‘डिसअलाऊ’ केलं, पानांवर ‘नोइंडेक्स’ही लावलं. महिना झाला, अजून निकालांत दिसतेच आहे.
– फ्रीलान्स डेव्हलपर, ठाणे

उत्तर: तुमचे दोन उपाय एकमेकांना अडवून बसले आहेत. रोबोट्स फाइल गूगलबॉटला, म्हणजे पानं गोळा करत फिरणाऱ्या गूगलच्या प्रोग्रॅमला, सांगते की आत येऊ नको. ‘हे पान निकालांत घेऊ नका’ असं सांगणारी नोइंडेक्सची पाटी मात्र घराच्या आत लावलेली आहे. बॉट आत आलाच नाही तर ती पाटी त्याला दिसणार कशी? बाहेरून लिंक असली तर अडवलेला पत्ताही, वर्णनाशिवाय का होईना, निकालांत राहू शकतो. सर्च कन्सोलमध्ये अशा पत्त्यांवर ‘इंडेक्स झालं, पण रोबोट्सने अडवलेलं’ असा शेरा येतो.

म्हणून आधी डिसअलाऊ काढा. गूगल ही फाइल २४ तासांपर्यंत साठवून ठेवतं, तेव्हा दुसऱ्या दिवशीपर्यंत थांबा. प्रत्येक उत्तरासोबत ‘एक्स-रोबोट्स-टॅग: नोइंडेक्स’ हे हेडर (पानाच्या आधी सर्व्हर पाठवतो ती माहिती) सर्व्हरवरूनच जाऊ द्या, म्हणजे पीडीएफ आणि चित्रंही त्यात येतात. घाई असेल तर सर्च कन्सोलमधल्या ‘रिमूव्हल्स’मधून सबडोमेन तात्पुरतं लपवा. तो पडदा साधारण सहा महिन्यांचा असतो, तेवढ्या वेळात खरं काम उरकायला हवं. पानं निकालांतून गेली की सबडोमेनला पासवर्ड लावा. पुढच्या प्रकल्पात पहिल्या दिवसापासून पासवर्डच लावा, मग बाकी कशाचीच गरज पडत नाही. रोबोट्स फाइलमध्येच नोइंडेक्सची ओळ लिहायची जुनी युक्ती काही ब्लॉगवर अजून सापडते, पण गूगलने १ सप्टेंबर २०१९पासून ती मानणं बंद केलं आहे.

याच्या उलट अपघात जास्त महागात पडतो: चाचणीचं नोइंडेक्स खऱ्या साइटवर तसंच जाणं. वर्डप्रेसमध्ये ‘वाचन’ या सेटिंगमध्ये शोधयंत्रांना परावृत्त करण्याची चौकट असते. प्रकाशनाच्या दिवशी ती आणि सर्व्हरचं हेडर दोन्ही उघडून बघा. नुसता पानाचा सोर्स बघून हेडर कळत नाही. ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये जाऊन ते तपासावं लागतं.

प्रश्न: मराठी पाककृतींची साइट रिॲक्टमध्ये केली आहे. सर्च कन्सोल बऱ्याच पानांना ‘सॉफ्ट ४०४’ म्हणतं आणि उरलेली ‘क्रॉल झालं, पण सध्या इंडेक्समध्ये नाही’ या यादीत. गूगल जावास्क्रिप्ट चालवतं ना?
– डेव्हलपर, पणजी

उत्तर: चालवतं. मे २०१९पासून गूगलबॉट ताज्या क्रोमियमवर (क्रोम ब्राउझरचा गाभा) चालतो. पण तो वाचकासारखा वागत नाही. तो बटणं दाबत नाही, खाली स्क्रोल करत नाही, परवानगीच्या खिडक्यांना होकार देत नाही, आणि एका पानावर साठवलेली कुकी किंवा लोकल स्टोरेज पुढच्या पानावर नेत नाही. तुमची पाककृती ‘आणखी पाहा’ दाबल्यावरच सर्व्हरकडून येत असेल, तर त्याच्यासाठी ती पाककृती अस्तित्वातच नाही.

अंदाज बांधण्याआधी त्याला काय दिसतं ते पाहा. सर्च कन्सोलमध्ये पत्ता तपासा, ‘टेस्ट लाइव्ह यूआरएल’ दाबा, मग ‘व्ह्यू टेस्टेड पेज’मध्ये जाऊन त्या एचटीएमएलमध्ये पाककृतीतलं एखादं वाक्य शोधा. वाक्य सापडलं नाही, तर तिथेच ‘मोअर इन्फो’मध्ये न उघडलेल्या फाइलींची यादी असते. पुष्कळदा त्यात तुमचीच एपीआय (पानाला माहिती पुरवणारा सर्व्हरचा भाग) असते, ‘एपीआय’ हा फोल्डर कुणीतरी रोबोट्स फाइलमध्ये अडवून ठेवल्यामुळे. पान उघडतं, साहित्याची यादी मागवतं, यादी येत नाही, आणि गूगलला रिकामा सांगाडा मिळतो. रिकामा सांगाडा अधिक ‘सगळं ठीक’चा २०० कोड म्हणजेच सॉफ्ट ४०४.

दुसरं, लिंक. ‘डिव्ह’वर ‘ऑनक्लिक’ लावून पान बदलत असाल तर बॉटला पुढचा रस्ता दिसत नाही. खरा ‘ए’ टॅग आणि त्यात खरा ‘एचरेफ’ हवा. पत्त्यात ‘#’नंतर पान ठरत असेल तर सगळी साइट एकाच पत्त्याची धरली जाते. राउटर हिस्टरी एपीआयवर न्या. यादीच्या पानांना ‘पान २’, ‘पान ३’ असे स्वतंत्र पत्ते द्या आणि प्रत्येकाचा कॅनॉनिकल त्याच्याकडेच ठेवा. सगळ्यांचा कॅनॉनिकल पहिल्या पानाकडे वळवला की जुन्या पाककृती अंधारात जातात.

न सापडणाऱ्या पाककृतीसाठीही तुमचा सर्व्हर २०० देत असणार, कारण तो प्रत्येक पत्त्याला तीच एक फाइल देतो. जमलं तर सर्व्हरलाच खरा ४०४ द्यायला लावा. नाही जमलं तर एपीआयने ‘नाही’ म्हटल्यावर जावास्क्रिप्टने नोइंडेक्स टॅग घाला. याचं उलट मात्र चालत नाही: मूळ एचटीएमएलमध्ये नोइंडेक्स ठेवून पाककृती आल्यावर जावास्क्रिप्टने तो काढायचा, असं करू नका. नोइंडेक्स दिसल्यावर गूगल पान रेंडर करायला थांबेलच असं नाही.

आणि एवढं सगळं करण्यापेक्षा, पाककृतीसारखा मजकूर सर्व्हरवरच तयार करून पाठवणं किंवा प्रकाशित करतानाच एचटीएमएल बनवून ठेवणं आम्हाला कितीतरी योग्य वाटतं. पाककृती वाचण्यासाठी जावास्क्रिप्ट लागण्याचं कारण नाही. त्यात आणखी एक फायदा आहे. व्हॉट्सॲपवर लिंक टाकल्यावर येणारं चित्र आणि शीर्षक पहिल्या एचटीएमएलमधल्या ‘ओपन ग्राफ’ टॅगमधूनच घेतलं जातं, तिथे जावास्क्रिप्ट चालत नाही. मराठी पाककृती एका घरातून दुसऱ्या घरात जाते ती बहुतेक त्याच वाटेने.

प्रश्न: आमची साइट मराठी आणि इंग्रजीत आहे. भारतातून आलेल्याला मराठी पान आणि बाहेरून आलेल्याला इंग्रजी पान आपोआप मिळतं. गूगलमध्ये मराठी पानं जवळजवळ नाहीतच. पुढे कोकणीही आणायची आहे.
– पर्यटन साइटचे डेव्हलपर, सिंधुदुर्ग

उत्तर: गूगलबॉट बहुतांशी अमेरिकेतल्या आयपी पत्त्यांवरून येतो आणि भाषेची पसंती सांगणारं हेडर पाठवत नाही. तुमच्या सर्व्हरने त्याला दर वेळी इंग्रजीकडे ढकललं, मग मराठी पान त्याने पाहावं कसं? न्यू जर्सीतला मराठी माणूसही तुमच्याकडे इंग्रजीच वाचतो आहे. आपोआप ढकलणं बंद करा. दोन्ही भाषांना वेगळे पत्ते द्या आणि पानाच्या माथ्यावर भाषा बदलण्याची साधी लिंक ठेवा.

मग ‘एचरेफलँग’, म्हणजे एकाच पानाच्या वेगवेगळ्या भाषांतल्या प्रती गूगलला सांगणारा टॅग. मराठी पानावर मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही ओळी हव्यात, इंग्रजी पानावरही त्याच दोन्ही. एका बाजूने लिहिलं आणि दुसरी विसरली तर गूगल ती जोडी धरत नाही. मराठीसाठी ‘एमआर’ एवढा कोड पुरे आहे. परदेशातल्या मराठी वाचकासाठी वेगळं पान नसेल तर देशाचा कोड जोडण्यात अर्थ नाही. नुसता देशाचा कोड तर चालतच नाही. आधी भाषा, मग हवा असल्यास देश. कोकणीची इथे अडचण आहे: गूगलच्या नियमाप्रमाणे या टॅगमध्ये दोन अक्षरी भाषाकोड लागतो आणि कोकणीला फक्त तीन अक्षरी ‘केओके’ आहे. कोकणी पानं स्वतंत्र पत्त्यांवर ठेवा, त्यांना आपसात लिंक द्या, एचटीएमएलच्या ‘लँग’मध्ये तो तीन अक्षरी कोड लिहा, आणि एचरेफलँगच्या संचातून त्यांना बाहेर ठेवा.

‘लँग’बद्दल एक खुलासा. पानाची भाषा ओळखताना गूगल हा गुण पाहत नाही, दिसणारा मजकूर पाहतं. म्हणून मेनू, तळटीप, बटणं सगळी इंग्रजी आणि मधे चार ओळी मराठी असं पान असेल तर घोळ होतो. तरीही ‘लँग’ नीट लिहा. स्क्रीन रीडर त्यावरून आवाज निवडतो, आणि काही फॉन्ट ‘एमआर’ दिसल्यावरच ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे दाखवतात.

प्रश्न: आमच्या नियतकालिकाचे पंधरा वर्षांचे अंक पीडीएफमध्ये साइटवर आहेत. त्यातला एकही शब्द गूगलवर सापडत नाही. अक्षरं तर स्वच्छ दिसतात!
– ग्रंथालयाच्या साइटचे काम पाहणारे, सोलापूर

उत्तर: एखाद्या अंकातलं वाक्य निवडून नोटपॅडमध्ये चिकटवून पाहा. रोमन अक्षरं आणि चिन्हांचा गोंधळ दिसला तर अंक श्रीलिपी, कृतिदेव अशा युनिकोडपूर्व पद्धतीच्या फॉन्टमध्ये लावलेले आहेत. तिथे रोमन कळांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. डोळ्याला ‘कविता’ दिसतं, यंत्राला भलतीच चार-पाच अक्षरं. काहीच चिकटलं नाही तर ती स्कॅन केलेली चित्रं आहेत आणि त्यांना ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर काढणं) लागेल.

अंक अशा जुन्या फॉन्टमध्ये असतील तर नशीब चांगलं आहे, मजकूर परत मिळवता येतो. शक्यतो मूळ पेजमेकर किंवा क्वार्क फाइल शोधा, पीडीएफमधून काढताना ओळी आणि स्तंभ विस्कटतात. आधी नेमका कोणता फॉन्ट आहे ते पाहा. एकाच कुटुंबातल्या दोन आवृत्त्यांचे तक्तेही वेगळे असू शकतात. मग त्याच फॉन्टसाठीचा कन्व्हर्टर वापरा. जुन्या फॉन्टमध्ये मजकूर दिसतो त्या क्रमाने साठवलेला असतो: ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये दोन्ही उलट. कन्व्हर्टर चुकतात ते बहुतेक इथेच, आणि जोडाक्षरावरच्या वेलांटीत तर हमखास. मजकुरातले इंग्रजी शब्द आणि आकडेही तो मराठीत ‘रूपांतरित’ करून टाकतो.

पंधरा वर्षांचे अंक ओळ न् ओळ वाचून तपासणं अशक्य आहे, पण यंत्राकडून संशयित शब्द काढून घेता येतात: शब्दाच्या सुरुवातीलाच वेलांटी किंवा मात्रा, दोन मात्रा लागोपाठ, शब्दाच्या शेवटी हलन्त (‘अर्थात्’सारखे थोडे शब्द सोडून), देवनागरी शब्दाच्या मधेच रोमन अक्षर. एकच चूक हजार ठिकाणी सापडते आणि एका नियमाने हजारही ठिकाणी सुधारते. आधी एक अंक घ्या, त्यावर नियम पक्के करा, मग बाकीचे.

नंतर प्रत्येक लेखाचं वेगळं एचटीएमएल पान करा: शीर्षक, लेखक, अंकाचा महिना आणि वर्ष यांसह. अख्ख्या अंकाच्या पीडीएफकडे वाचक क्वचितच पोहोचतो, लेखाच्या पानाकडे पोहोचतो. पीडीएफ काढून टाकू नका, छापील अंकाची ती नोंद आहे. एखाद्या लेखाची पीडीएफ आणि पान दोन्ही असतील तर पीडीएफसोबत ‘लिंक’ हेडरमधून पानाचा कॅनॉनिकल पाठवा, कारण पीडीएफच्या आत टॅग लिहिता येत नाही. हे काम कष्टाचं आहे, पण ते झालं की तुमच्या ग्रंथालयातला जुना लेख बार्शीतल्या विद्यार्थ्याला घरबसल्या सापडतो.

प्रश्न: हापूसच्या ऑनलाइन विक्रीसाठी ‘प्रॉडक्ट’ स्ट्रक्चर्ड डेटा (शोधयंत्रांसाठीची ठरावीक साच्यातली माहिती) लावला आहे. चाचणीत किंमत चुकीची असल्याचं येतं. पानावर किंमत ‘₹१,२००’ अशी आहे.
– डेव्हलपर, रत्नागिरी

उत्तर: तीच किंमत जशीच्या तशी डेटात गेली असणार. पानावर वाचकासाठी ‘₹१,२००’ उत्तमच आहे. डेटात मात्र इंग्रजी आकडेच लागतात, हे स्कीमा डॉट ऑर्गच्या नियमांत स्पष्ट लिहिलेलं आहे. स्वल्पविराम नको, रुपयाचं चिन्ह नको, दशांशासाठी पूर्णविराम, आणि चलन ‘आयएनआर’ असं वेगळ्या रकान्यात. टेम्प्लेटमध्ये आकडे देवनागरीत बदलणारं फंक्शन सगळ्यांत शेवटी, फक्त दिसणाऱ्या मजकुरावर चालवा. तारखांनाही हाच नियम: वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, वेळ असेल तर शेवटी भारताचा +०५:३०. हंगाम संपला की पान काढू नका, उपलब्धता ‘आउट ऑफ स्टॉक’ करा. पुढच्या मार्चमध्ये तोच पत्ता उपयोगी येतो. आणि पानावर जी ग्राहकांची मतं दिसत नाहीत, त्यांचे तारे डेटात भरू नका. तो नियमभंग आहे आणि त्यावर कारवाई होते.

प्रश्न: ‘कीवर्ड्स’ मेटा टॅगमध्ये किती शब्द द्यावेत? साइटमॅपमध्ये ‘प्रायॉरिटी’ किती ठेवावी?
– विद्यार्थिनी, अमरावती

उत्तर: एकही शब्द देऊ नका. गूगलने हा टॅग क्रमवारीसाठी वापरत नसल्याचं सप्टेंबर २००९मध्येच जाहीर केलं आहे. साइटमॅपमधले ‘प्रायॉरिटी’ आणि ‘चेंजफ्रीक’ही ते पाहत नाही. ‘लास्टमॉड’ (पान शेवटचं बदलल्याची तारीख) पाहतं, पण तो खरा असेल तरच. दर रात्री सगळ्या पानांवर आजची तारीख टाकणारी स्क्रिप्ट असेल तर बंद करा. एका फाइलमध्ये जास्तीत जास्त ५०,००० पत्ते आणि ५० एमबी, त्यापुढे दुसरी फाइल.

प्रश्न: मराठी फॉन्ट लावल्यापासून साइट मोबाइलवर जड झाली. पान उघडताना ओळी खालीवर उडतात. फॉन्ट काढून टाकू का?
– डेव्हलपर, धुळे

उत्तर: काढू नका, हलका करा. जोडाक्षरांचे शेकडो आकार पोटात असल्यामुळे देवनागरी फॉन्ट रोमनपेक्षा कितीतरी जड असतो. त्यातही चार वजनं आणि प्रत्येकात रोमन, लॅटिन-विस्तारित असं सगळं आलं की फोन दमतो. फक्त डब्ल्यूओएफएफ-२ हा दाबून लहान केलेला फॉन्टचा प्रकार ठेवा. साधं आणि ठळक ही दोन वजनं बस झाली. फॉन्टटूल्स या साधनाने देवनागरीचा वेगळा तुकडा काढा. ‘युनिकोड-रेंज’मध्ये ०९००–०९७एफ सोबत २००सी–२००डी, रुपयाचं २०बी९ आणि ठिपक्यांच्या वर्तुळाचं २५सीसी धरा. तुकडा काढताना फॉन्टचे लेआउट नियम गळले तर ‘क्ष’चा ‘क्‌ष’ आणि रफाराचा हलन्त होतो. तो तुकडा खऱ्या मजकुरावर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय साइटवर चढवू नका.

ओळी उडतात त्याचं कारण वेगळं आहे. आधी फोनचा स्वतःचा फॉन्ट दिसतो, मग तुमचा येतो, आणि दोघांची उंची-रुंदी जुळत नाही. ‘फॉन्ट-डिस्प्ले: स्वॅप’ ठेवा, पण पर्यायी फॉन्टला ‘साइझ-अॅडजस्ट’ आणि ‘असेंट-ओव्हरराइड’ लावून त्याची मापं जुळवून घ्या. मुख्य मजकुराचा एकच फॉन्ट ‘प्रीलोड’ करा आणि त्या ओळीत ‘क्रॉसओरिजिन’ लिहायला विसरू नका. तो नसला तर फॉन्ट दोनदा उतरतो. प्रत्येक चित्राला रुंदी आणि उंची द्या. पहिल्या पडद्यावरच्या मोठ्या चित्राला ‘लेझी’ लोडिंग कधीच नको, उलट ‘फेचप्रायॉरिटी: हाय’ द्या.

मोजमाप असं ठेवा: मुख्य भाग २.५ सेकंदांच्या आत दिसावा, स्पर्शाला प्रतिसाद २०० मिलिसेकंदांत मिळावा (मार्च २०२४पासून एफआयडी या जुन्या मापाच्या जागी आयएनपी आलं ते हेच), आणि हलण्याचा आकडा ०.१च्या आत असावा. दर चारपैकी तीन भेटींत हे जमलं तर पान ‘चांगलं’ धरतात. तुमच्या कार्यालयातल्या लॅपटॉपवर येणारे गुण यात धरत नाहीत, खऱ्या वाचकांच्या फोनवरून आलेले आकडे धरतात. तेव्हा स्वस्त फोन आणि गावाकडचं नेटवर्क घेऊन तपासा.

प्रश्न: सर्व्हर बदलण्यासाठी साइट एक दिवस बंद ठेवायची आहे. ‘काम चालू आहे’ असं पान लावलं तर चालेल?
– संगणक विभाग, एक महाविद्यालय, लातूर

उत्तर: पान लावा, पण ते २०० कोडने देऊ नका. नाहीतर गूगल प्रत्येक पत्त्यावर तोच मजकूर नोंदवून ठेवेल. ५०३ (तात्पुरतं बंद) द्या आणि सोबत पुन्हा कधी यावं ते सांगणारं ‘रिट्राय-आफ्टर’ हेडर. सगळे पत्ते मुख्यपानाकडे वळवणंही नको. रोबोट्स डॉट टीएक्सटी मात्र नेहमीसारखी २०० कोडनेच उघडू द्या. तिलाच ५०३ मिळाला तर गूगल सगळं क्रॉलिंग थांबवतं. काम एक-दोन दिवसांपुढे जाणार असेल तर जुन्या सर्व्हरवर साइटची निव्वळ वाचता येणारी एचटीएमएल प्रत चालू ठेवा. आणि बंद करण्याच्या दोन दिवस आधी डीएनएसचा टीटीएल (सर्व्हरचा पत्ता किती वेळ लक्षात ठेवायचा ती मुदत) ३०० सेकंदांवर आणा, म्हणजे पत्ता बदलल्यावर वाचक आणि बॉट दोघेही लवकर नव्या सर्व्हरवर पोहोचतील.